सभेची वेळ कोणाच्या सोयीची?

सिंधुदुर्गातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये एकतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. त्यांतील निदान वीस वर्षे ‘आमच्याकडचे पालक उदासीन आहेत’ हे वाक्य मी अगदी मनापासून उच्चारत असे. आज ते इतरांच्या तोंडून ऐकले की मला माझीच इतिवृत्ताची वही आठवते. पालकसभेला चार जण यायचे आणि उरलेल्या सह्या घेण्यासाठी ती वही मुलांच्या दप्तरातून घरोघर फिरायची. कागदावर गणपूर्ती मात्र कधी चुकली नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. शाळेच्या कामकाजावर आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे, तसेच शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही या समितीची कामे आहेत. आम्ही मात्र पालकांना प्रामुख्याने दोनच प्रसंगी बोलावत आलो: रंगकामासाठी वर्गणी हवी असेल तेव्हा आणि झेंडावंदनाला. आराखडा मुख्याध्यापकाने रात्री जागून एकट्यानेच भरायचा, अशी रीतच पडून गेली होती.

वेळेचे तर बोलायलाच नको. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते आणि त्यानंतर लगेचच आमच्याकडे लावणीची घाई असते. सकाळी अकराची सभा आम्हाला सोयीची होती, पण चिखलात उतरलेल्या बाईने तरवा, म्हणजे भाताची रोपे, तशीच टाकून शाळेत यावे, ही अपेक्षा ठेवताना मला कधी संकोच वाटला नाही. वडिलांची गोष्ट आणखी निराळी. कित्येकांचे वडील मुंबईला नोकरीत, त्यामुळे ते गावात हमखास सापडतात ते गणपतीत, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते! मूल वाढवते ती बहुधा आजी, पण तिचे नाव पालक म्हणून आमच्या कोणत्याही रकान्यात नसे.

अशाच एका आजींना मी एकदा वाटेत सभेचे आमंत्रण दिले. त्या म्हणाल्या, “गुरुजी, माका वाचूक येना नाय, मी येवन काय करू?” तरीही त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि सभा संपता संपता आपल्या नातवाबद्दल हळूच म्हणाल्या, “झील वाचता, पण तेची नजर पुस्तकात नसता.” दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला पुस्तकाचे मधलेच पान उघडून दिले, तेव्हा त्याला एक ओळही वाचता आली नाही. तो सगळे धडे शेजारच्या मुलाच्या तोंडून ऐकून पाठ करत होता. दुसरीचे जवळजवळ अख्खे वर्ष मी त्याला ‘वाचन उत्तम’ असा शेरा देत आलो होतो, आणि माझी चूक पकडली ती अक्षरओळख नसलेल्या बाईने. तेव्हापासून घरी मूल काय करते, कशाला कंटाळते, कोणाजवळ बसून अभ्यास करते, हे विचारल्याशिवाय मी कोणतीही सभा संपवली नाही. पालकांच्या सहभागाचा सर्वांत मोठा लाभ वर्गणीत नसून या माहितीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मिळवायची तर सभेत शिक्षकाने कमी बोलावे लागते, आणि खरे सांगायचे तर आम्हा मास्तर मंडळींना तेच सर्वांत जड जाते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी सूचनेच्या वहीत विषय लिहून वेळेची जागा मी कोरी ठेवली आणि वही वाड्यांमध्ये फिरवली. यावेळी ती सह्यांसाठी नव्हती. शेतकरी वाडीने रात्री साडेसातची वेळ लिहून पाठवली, खाडीकाठच्या मच्छीमारांनी दुपारची, तर मुंबईकरांनी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरतीनंतर जमू असे कळवले. एकाच सभेचे शेवटी तीन सभांत रूपांतर झाले. तिसरी सुट्टीच्या दिवशी असल्यामुळे शाळेचे कुलूप उघडावे लागले, आणि त्या वर्षीच्या आराखड्यातील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा मुद्दा याच सभेत एका वडिलांनी मांडला.