हाताला चटका कशाला?

मंडळी, आधी भाकरी थापणं बंद करा. ज्वारीचं पीठ मुळातच हेकट. गव्हासारखा चिकटपणा त्याच्या अंगात नाही. आधणाचं पाणी घाला, तळहातानं रगडून रगडून मळा, तेव्हा कुठं ते एकमेकाला धरतं. त्यात दळण जुनं झालं की विरी गेलीच, थापता थापता कडा चिरतात. म्हणजे दर आठ दिवसाला डबा घेऊन गिरणीत उभं राहायचं. एवढा कुटाणा कामून? सरळ पाकीट आणा. त्यावरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची असली तरी भिऊ नका. अशी भाकरी तव्यावरच मोडते, दुधात चुरायचे कष्टही वाचतात.

(मी स्वतः पाकिटाचं खात नाही. आमच्या घरी भाकरी बायको थापते आणि चटके तिच्या बोटांना बसतात. म्हणूनच तर श्रमाच्या महतीवर मी एरवी तासभर बोलू शकतो.)

गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला खुद्द विठ्ठल यायचा म्हणतात. आपण देवाची त्या हमालीतून सुटका केली, हे काय थोडं पुण्य आहे?

कोणी म्हणेल, सोय तर जुन्या लोकांनाही हवीच होती, संभाजीनगरची पनचक्की बघा. बघितली. पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं, माणसाला हात लावायचं काम नाही. पण त्यासाठी लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून ठेवलं होतं! सोय करून घ्यायलाही जे घाम गाळतात, त्यांच्या नादी लागू नये.

पानटपरी घरापासून 200 पावलांवर असेल तर गाडीच काढा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते संध्याकाळी मैदानावर. तिथंही गाडीवरच जा.

आता पाण्याचं. परभणी जिल्ह्यातल्या वालूरला एक बारव आहे, तिच्या पायऱ्या चकलीच्या वेढ्यासारख्या गोल फिरत खाली उतरतात. पाण्यापर्यंत पायानं जायचं, हंडा भरून पुन्हा वर चढायचं, वर गाळही काढायचा. काय ही अडाणी माणसं! तुमच्या गावात अशी बारव असेल तर तिचा उत्तम उपयोग म्हणजे निर्माल्य, फुटक्या बरण्या आणि लग्नातल्या पत्रावळी. पाण्यासाठी बोअर घ्या. 200 फुटांवर नाही लागलं तर 500, तिथंही धूळच उडाली तर शेजारच्या बांधावर दुसरं. आणि सगळीच बोअर आटली तरी जिवाला घोर लावून घेऊ नका. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून पाणी आलं ते चक्क रेल्वेनं! पहिल्याच गाडीत 5 लाख लिटर. पायऱ्या उतरणाऱ्यांच्या नशिबात हा थाट होता का? त्यांच्याकडं पाणीच फक्त असायचं, त्याला इंजिन कुठं होतं?

आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण लाइट गेलीय. मोटार बंद, टाकी कोरडी. बायको हंडा घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या हापशावर निघालीय. दारातून म्हणाली, “येता का धरू लागायला?” उठलोच असतो, पण तुम्हाला सल्ला देणं अर्धवट कसं सोडायचं?