गोंद चांगला, पण टाक्यांची सुट्टी झालेली नाही

‘त्वचेच्या गोंदामुळे आता टाके लागतच नाहीत’ हे ऑपरेशनचा छेद चिकटवायच्या गोंदावरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी अठरा वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. गोंद फक्त वरची कातडी धरतो. दुर्बिणीने पित्ताशय काढतात तेव्हा बेंबीजवळच्या छेदाला आतून विरघळणारे टाके असतातच, पेशंटला ते दिसत नाहीत इतकंच. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) जखम उकलण्याचं प्रमाण टाक्यांपेक्षा गोंदात जास्त आढळलं. जंतुसंसर्गात ठळक फरक दिसला नाही.

लहान मुलांच्या हर्नियाला मात्र गोंद मला मनापासून आवडतो. टाके काढायची कात्री दिसली की चार वर्षांचं पोर आईच्या पदरात तोंड खुपसतं, ते टळतं. गुडघा-कोपरासारख्या सतत वाकणाऱ्या, ताण पडणाऱ्या जागी मात्र टाकेच बरे.

लेखात सगळ्यात महत्त्वाचं राहून गेलं. गोंदावर मलम किंवा तेल लावलं की तो मऊ पडून सुटतो. गेल्या पावसाळ्यात एक आजी चौथ्या दिवशी परत आल्या, छेदाचं टोक उघडलेलं. सुनेने काळजीपोटी रोज खोबरेल तेल चोळलं होतं. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पेनाने लिहून देते : तेल, मलम, पावडर काही नको, गोंदाची खपली ओढू नका, पाच ते दहा दिवसांत ती आपोआप गळेल.