फक्त साफसफाई

"वर्तनात काहीही बदल नाही." पॅचच्या, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या, वर्णनात हे वाक्य दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यापेक्षा नवं फीचर परवडलं. ते निदान समोरून अंगावर येतं.

परवा गिटचे (कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर) असे सतरा पॅच एकदम माझ्याकडे तपासायला आले. गिटच्या कोडलेखनाच्या नियमांतच म्हटलंय, की खरं काम करताना वाटेतली शैली सुधारा, नुसत्या शैलीपायी कोड ढवळू नका. पण २००५ पासून साठत आलेला सी भाषेतला पसारा दिसल्यावर झाडू घेऊन निघालेला माणूस थांबतोय होय!

पहिला पॅच सोपा. मेमरी मोकळी करणाऱ्या फ्री फंक्शनला नल, म्हणजे रिकामा पत्ता, दिला तरी ते निमूट परत येतं, म्हणून त्याआधीची 'नल आहे का' ही तपासणी काढलेली. छान. दुसऱ्यात टॅब सारखे केलेले (इथे टॅब म्हणजे आठ रकाने, यावर वाद नाही). अख्खी फाइल लाल-हिरवी (काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या). मोकळ्या जागेतले बदल लपावेत म्हणून मी डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या कमांडला, 'डब्ल्यू'चा पर्याय लावला, तर पॅचच लपला. यापुढे साधा ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी कमांड) चालवला की त्या सगळ्या ओळींवर मूळ लेखकाऐवजी झाडूवाल्याचं नाव.

अकराव्या पॅचपर्यंत माझी नजर मेली होती. पण रिव्ह्यूला बसलोय म्हटल्यावर काहीतरी सापडायलाच हवं ना! बाराव्यात एका कॉमेंटला (कोडमधल्या टिपेला) पूर्णविराम नव्हता. मी त्यावर दोन परिच्छेद लिहिले. दुसऱ्या आवृत्तीत बिचाऱ्याने तो दिला, तेव्हा मला शेजारचा स्वल्पविराम खुपला.

त्याच कॉमेंटच्या दोन ओळी खाली लूपमधल्या, म्हणजे फेऱ्या मारणाऱ्या कोडमधल्या, 'आय' या मोजणाऱ्या चलाचा प्रकार 'इंट'वरून 'साइझ-टी' केला होता, कंपायलरची कुरकुर थांबावी म्हणून. लूप उलटा, शेवटाकडून शून्याकडे येणारा. 'आय' ऋण झाला की थांबायचं. आणि साइझ-टीला ऋण संख्या ठाऊकच नाही! शून्यातून एक वजा केला की तो थेट आकाशाला भिडतो, आणि लूप ॲरेबाहेर, म्हणजे यादीच्या हद्दीबाहेर, जाऊन आपटतो. दुसऱ्याच कोणीतरी हे एका ओळीत दाखवून दिलं. माझी नजर तिथून दोनदा गेली होती, विरामचिन्हं वेचत.

काल तिसरी आवृत्ती आली. लूप नीट झालाय. पॅच मात्र अठरा आहेत. अठरावा नवा: सगळ्या फायलींतल्या सगळ्या कॉमेंटना पूर्णविराम. वर्तनात काहीही बदल नाही. खाली 'सजेस्टेड-बाय' म्हणून माझं नाव.