दांडा वायू आणतो, तारे घडवत नाही

दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेतला दांडा, म्हणजे तिच्या मध्यातून आरपार जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा, वायू केंद्राकडे आणतो आणि त्यामुळे तेथे तारे जन्मतात, या माझ्या विधानावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: मग खुद्द दांड्यात तारे का जन्मत नाहीत, आत आलेला वायू कृष्णविवर का गिळत नाही, आणि आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात वायू मुबलक असूनही नवे तारे इतके थोडे का?

दांड्यात वायूचे प्रवाह एकमेकांवर आदळून प्रघात तरंग (वायूला अचानक दाबणारे धक्के) उठतात. छायाचित्रांत दांड्याच्या पुढच्या कडेला दिसणारे काळपट धूळपट्टे हे त्यांचेच ठसे. या आदळण्यात वायूचा कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरण्याचा जोर) घटतो आणि तो आत सरकतो; मात्र लगतच्या थरांच्या वेगांत मोठा फरक असल्याने मेघ आकुंचन पावण्याआधीच ताणले जातात. एनजीसी १३०० या दंडयुक्त दीर्घिकेच्या दांड्यात रेणुवायू (तारे ज्यापासून बनतात तो थंड, दाट वायू) असूनही तारे क्वचितच जन्मतात.

कृष्णविवराबाबत एनजीसी १०९७ ही दंडयुक्त दीर्घिका पाहावी. तिचे कृष्णविवर सुमारे १४ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे असले, तरी त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा वरचष्मा काही डझन प्रकाशवर्षांपुरताच आहे, आणि ताऱ्यांना जन्म देणारे कडे सुमारे ५,००० प्रकाशवर्षे व्यासाचे आहे. दांड्यालगतच्या लांबट कक्षा जेथे संपून जवळपास वर्तुळाकार कक्षा सुरू होतात, तेथे उरलेल्या कोनीय संवेगामुळे वायू अडतो, साचतो आणि स्वतःच्या भाराने कोसळू लागतो. त्या कड्यावर निळसर तरुण तारकागुच्छ आणि तापलेल्या हायड्रोजनचे गुलाबी ठिपके अक्षरशः दाटीवाटीने ओवलेले दिसतात.

आपला तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वायू पोहोचणे आणि त्याचे तारे होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यातूनच स्पष्ट होते. आकाशगंगेच्या केंद्रभागात काही कोटी सूर्यांइतका रेणुवायू आहे, तरी वर्षाकाठी जेमतेम ०.१ सूर्याइतक्या वस्तुमानाचे तारे बनतात. वायूची घनता पाहता हा दर अपेक्षेपेक्षा किमान दसपटीने कमी आहे. तेथल्याच ‘ब्रिक’ नावाच्या मेघात एक लाखाहून अधिक सूर्यांचे वस्तुमान असून तो जवळजवळ निष्क्रिय आहे. केंद्रभागातला वायू आकाशगंगेच्या बाहेरच्या सपाट चकतीतल्या मेघांहून उष्ण आहे, त्यात प्रचंड खळबळ आहे, आणि चुंबकीय क्षेत्राचाही विरोध आहे. शिवाय वायू साचत जाऊन मग एकदम ताऱ्यांचा भर यावा, असे चक्रही असू शकते, आणि मला हे स्पष्टीकरण अधिक पटते. कारण त्याच केंद्रभागातल्या सॅजिटेरियस बी२ मेघात आज भारदस्त तारे जोमाने जन्मत आहेत, तर जवळच्या आर्चेस या तारकागुच्छातले तारे अवघे काही दशलक्ष वर्षांचे आहेत.