पहिला गोळा आणि म्हातारी नौका

१ सप्टेंबर जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: 'हिटलरच्या सर्वांत बलाढ्य युद्धनौकेने, श्लेस्विग-होल्श्टाईनने, दुसऱ्या महायुद्धाची पहिली गोळी झाडली, वेस्टरप्लाटेचा पोलिश तळ तासाभरात उद्ध्वस्त केला आणि पुढे रशियनांशी लढताना ती बुडाली.' एका वाक्यात एवढ्या चुका बसवणं हेही कौशल्यच.

बलाढ्य? ही नौका १९०८ साली सेवेत आली, तेव्हाच जुनी झाली होती. ब्रिटिशांची नव्या धर्तीची युद्धनौका 'ड्रेडनॉट' १९०६ मध्येच समुद्रात उतरली होती आणि तिच्यापुढे जुन्या धाटणीच्या अशा नौकांचा सगळा वर्ग मोडीत निघाला. पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईत (१९१६) श्लेस्विग-होल्श्टाईन होती खरी, पण या वर्गाला जर्मन खलाशीच 'पाच मिनिटांची जहाजं' म्हणत. खऱ्या लढाईत तेवढीच टिकतील म्हणून. तिच्याच वर्गातली 'पोमर्न' त्याच लढाईत सगळ्या माणसांसकट गेली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीकडे जी मोजकी जुनी जहाजं राहू दिली, त्यांत ही होती. १९३९ मध्ये ती कॅडेटांना शिकवण्याचं जहाज होती.

आणि नेमकं तेच कामाला आलं. प्रशिक्षणाची म्हातारी नौका सदिच्छा भेटीला आली तर कोण बिचकेल? २५ ऑगस्टला ती डान्त्सिगला (आजचं ग्दान्स्क) पोचली; वेस्टरप्लाटे याच बंदराच्या तोंडाशी. निमित्त काय, तर १९१४ मध्ये गमावलेल्या 'माग्डेबुर्ग' क्रूझरच्या मृतांना मानवंदना. पोटात मात्र सव्वादोनशेच्या आसपास नौसैनिक लपवलेले. मेसेजवाल्यांनी ताकदीचं कौतुक करण्यापेक्षा हा कावा सांगायला हवा होता.

पहिली गोळी? नौकेचा कॅप्टन क्लाइकाम्प याच्या तोफा १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे ४:४७ ला धडाडल्या. पण त्याआधीच, ४:३४ च्या सुमारास, पोलंडमधल्या त्चेवच्या पुलापाशी जर्मन स्टुका विमानांनी बॉम्ब टाकले होते. पोलिशांना पुलाला लावलेले सुरुंग पेटवता येऊ नयेत म्हणून. (पूल पोलिशांनी नंतर उडवलाच.) समुद्रावरून पहिला मारा, एवढं म्हणा, वाद नाही.

तासाभरात? वेस्टरप्लाटेचे पोलिश कमांडर मेजर सुखार्स्कींचे दोनशेच्या आसपास सैनिक ७ सप्टेंबरपर्यंत लढले. २८ सेंटिमीटरच्या तोफा अगदी जवळून डागून आणि नंतर स्टुका बोलावूनही सात दिवस लागले.

रशियनांशी लढताना बुडाली, हे तर सपशेल खोटं. डिसेंबर १९४४ मध्ये ग्दिनिया बंदरात ब्रिटिश विमानांनी तिला निकामी केलं. मार्च १९४५ मध्ये खुद्द जर्मनांनीच सुरुंग लावून उडवली. सोव्हिएत आरमाराने नंतर सांगाडा वर काढला आणि एस्टोनियाजवळच्या ओस्मुसार बेटाच्या उथळ पाण्यात नेमबाजीच्या सरावाला ठेवला. १९१४ मध्ये 'माग्डेबुर्ग' खडकांवर चढली होती, ती याच बेटापाशी.