दक्षिणायनात गेलेल्यांचं काय?

आत्याचा फोन आला तो रडतच. "ह्यांना गती मिळाली नसेल का रे?" आतोबांना जाऊन जेमतेम दीड महिना झालाय. कार्तिकात, म्हणजे दक्षिणायनात गेले. आणि तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी '२१ डिसेंबरची महारात्र' नावाचा लांबलचक मेसेज टाकला होता. दक्षिणायनात मरणाऱ्याला मोक्ष नाही, असं त्यात होतं. त्याच दिवशी तो मला आणखी तीन ग्रुपांवर आला. तळाशी 'अकरा जणांना पाठवा' होतंच.

मेसेज म्हणतो, या दिवशी सूर्य पृथ्वीपासून सर्वांत दूर जातो. साफ खोटं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. थंडी अंतरामुळे पडत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून या दिवसांत आपल्याकडे ऊन तिरपं येतं आणि दिवस लहान होतो.

'संपूर्ण जगात महारात्र.' माझी चुलतबहीण मेलबर्नला असते. तिलाही हा मेसेज गेला. तिच्याकडे २१ डिसेंबरला सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास आणि तो वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. आणि आपल्या मुंबई-पुण्याची ती 'महारात्र' किती, तर तेरा तासांची.

'सूर्य तीन दिवस थांबतो.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. सूर्योदयाची जागा क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जाते आणि २१ तारखेच्या आसपास हे सरकणं इतकं मंदावतं की डोळ्यांना कळत नाही. गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीच्या खुणेने कुणीही पाहावं. पण म्हणून 'तीन दिवस अन्न, पाणी, औषध वर्ज्य'? आत्या मधुमेही आहे, रोज इन्शुलिन घेते. इन्शुलिन घेऊन उपाशी राहिली तर साखर धाडकन खाली येईल, न घेता राहिली तर वर चढेल. दोन्हींत जिवाला धोका. मेसेज लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

उत्तरायण संक्रांतीला लागतं म्हणे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होतं. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत जाते त्यामुळे, साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस असा फरक पडत गेला. तिळगूळ जानेवारीतच वाटा, पण सूर्य डिसेंबरातच वळलेला असतो.

आता आत्याला रडवणारा मुद्दा. 'दक्षिणायनात मरणाऱ्याला मोक्षाचं दार बंद. म्हणूनच भीष्म शरपंजरी थांबले.'

गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायण-शुक्लपक्षाची पांढरी वाट आणि दक्षिणायन-कृष्णपक्षाची काळी वाट आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच श्लोकांत हे योग्यांबद्दल आहे असं स्पष्ट म्हटलंय, आणि हे मार्ग जाणणारा योगी मोह पावत नाही, असंही पुढे म्हटलंय. मेसेजवाल्याने तेवढंच नेमकं गाळलं. बरं, गीतेचा अर्थ मी लावतोय असं वाटत असेल तर शंकराचार्यांना विचारू. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायात सूत्रच आहे: 'अतश्चायनेऽपि दक्षिणे'. त्यावर आचार्य लिहितात की ज्ञानी दक्षिणायनात गेला तरी त्याला ज्ञानाचं फळ मिळतंच. भीष्मांचं काय, हा प्रश्न त्यांनाही अपेक्षित होता. त्यांचं उत्तर असं, की भीष्म थांबले ते शिष्टाचार पाळायला आणि वडिलांच्या कृपेने मिळालेलं इच्छामरण लोकांना दिसावं म्हणून. दार बंद होतं म्हणून नव्हे.

यावर कुणी म्हणेल, हे ज्ञान्यांपुरतं झालं, तुमच्या आतोबांचं काय? मग ती काळी-पांढरी वाटही योग्यांपुरतीच ठेवा ना! धमकी सगळ्यांना आणि सूट फक्त ज्ञान्यांना, हा कुठला हिशेब? नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या फोनवर हे पाठवताना हात कसा धजावतो, हे मला कळत नाही.

राहिला दिवा. 'त्या रात्री अंगणात दिवा लावा.' लावा की. मोठ्या रात्रीत पणतीचा उजेड बघत दोन घटका शांत बसलं तर कुणाचं काय बिघडतं? मलाही आवडतं ते. त्यासाठी आधी कुणाला घाबरवावं लागत नाही.

शंकराचार्य वगैरे मी आत्याला सांगितलं नाही. आधी इन्शुलिन आणि जेवण वेळेवर घ्यायचं कबूल करून घेतलं. मग एवढंच विचारलं, माउलींनी समाधी कधी घेतली? दरवर्षी आतोबांबरोबर आळंदीला जाणारी ती. तिथी पाठच होती. "कार्तिक वद्य त्रयोदशी. शके बाराशे अठरा."

"मग ते कुठलं अयन? आणि पक्ष कुठला?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग नाक पुसल्याचा आवाज आला.

"थांब जरा. त्या मेसेजवालीला फोन लावते."