पानं कुणी मोजली होती?

नाशिकहून इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला परत येऊन दोन महिने झाले, तरी मामांशी झालेला वाद डोक्यातून जात नाही. पंचवटीतल्या घरी त्या रात्री टीव्हीवर ‘टायटॅनिक’ लागला होता, जेम्स कॅमेरॉनचा, 1997 सालचा. भाचा पहिल्यांदाच बघत होता. जहाज बुडू लागल्यावर जहाज कंपनीचा प्रमुख ब्रूस इस्मे गुपचूप जीवरक्षक बोटीत जाऊन बसतो, तेव्हा तो ओरडला, “यालाच आधी बुडवायला हवं होतं!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाची कीव येते, असं मी एकटीच म्हणाले. झालं. ताटातली भाकरी गार होईपर्यंत कुणी जेवेना.

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कसारा घाटात एकदा ब्रेक लागेनात, तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवून शेवटची म्हातारी उतरेपर्यंत ते सीटवरून हलले नव्हते. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, मामींकडून आम्हाला कळलं. त्यामुळे ते बोलले तेव्हा मी गप्पच झाले. “अगं, पंगतीला पानं कमी पडली तर यजमान उपाशी उठतो. हा तर पान ओढून बसला.”

या वाक्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. पण मी ज्या गावात राहते, तिथे हा प्रश्न सिनेमापुरता नाही. टायटॅनिकवरचे बहुतेक खलाशी, भट्टीत कोळसा घालणारे, वाढपी साउथॅम्प्टनचे होते. या एका गावातली पाचशेहून जास्त माणसं जहाज बुडालं त्या रात्री गेली. इथल्या सीसिटी संग्रहालयात जमिनीवर शहराचा मोठा नकाशा आहे. ज्या घरातलं माणूस परत आलं नाही, त्या घरावर लाल ठिपका. नॉर्थमच्या गल्ल्यांत हे ठिपके इतके दाट आहेत की पाऊल कुठे ठेवावं कळत नाही. जहाज बुडालं त्या क्षणापासून खलाशांचा पगारही थांबला होता. इस्मेला शिव्या द्यायचा हक्क कुणाला असेल तर या घरांना.

त्याच इमारतीत एका जुन्या कोर्टरूममध्ये 1912 च्या ब्रिटिश चौकशीचं प्रदर्शन आहे. मी तिथे तीनदा जाऊन बसले आहे. चौकशी करणाऱ्या लॉर्ड मर्सींनी इस्मेबद्दल म्हटलं होतं, की तो बोटीत चढला नसता तर मेलेल्यांत आणखी एकाची, म्हणजे त्याचीच, भर पडली असती. बायका-मुलांना बोटीत चढवायला त्याने मदत केल्याचंही साक्षींत आलं. तो चढला ती बोट अगदी शेवटच्या काहींपैकी होती.

मला खरा धक्का बसला तो आकड्यांनी. जहाजावर 2,200 हून जास्त माणसं होती आणि 20 बोटींत मिळून जागा 1,178 जणांची. तरी एकही नियम मोडलेला नव्हता! 10,000 टनांच्या वरच्या जहाजाला 16 बोटी पुरे, असं तेव्हाचा ब्रिटिश कायदा म्हणत होता. हा नियम 1890 च्या दशकातला, आणि टायटॅनिक 46,000 टनांचं. कायदा टन मोजत होता, माणसं मोजतच नव्हता. कंपनीने चार बोटी वरून जास्तच दिल्या होत्या.

मग मामा, पानं कुणी मोजली होती? इस्मे निर्दोष होता असं मी म्हणत नाही. तो कंपनीचा प्रमुख होता आणि कायद्यात बसतंय एवढ्यावर त्याने समाधान मानलं. पण नियम करणारे, तो वर्षानुवर्षं न बदलणारे, त्यावर सह्या करणारे सगळे त्याच्या पाठीमागे दडले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ‘ब्रूस’चं ‘ब्रूट’ केलं, म्हणजे पशू. कंपनीतलं त्याचं पद गेलं आणि 1937 मध्ये मरेपर्यंत ते नाव चिकटून राहिलं. बुडालेल्या खलाशांच्या विधवांसाठी त्याने निधीला पैसे दिले होते, हे मी इथे येईपर्यंत कधी ऐकलंही नव्हतं. माझी कीव यासाठी आहे. एका माणसावर सगळा राग काढला की बाकीचे सुखाने घरी जातात.

इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत असंही नाही. त्यांनीही आधी बळीचा बकराच शोधला. फक्त त्याच वेळी कुणीतरी बोटी मोजत होतं, आणि 1914 च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रत्येक प्रवाशाला बोटीत जागा हवी हे लिहिलं गेलं.

आपल्याकडे काय झालं ते मामांनाही आठवतं. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, रामकुंडाजवळ सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. मामा त्या दिवशी भाविकांच्या गाडीवर ड्युटीला होते. कुणा साधूने नाणी उधळली आणि लोक वाकले, असं दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाच्या तोंडी झालं. मीही कित्येक वर्षं तेच सांगत आले. नाणी उधळली असतीलही. पण तो उतार किती तीव्र, गल्ली किती अरुंद, तिथून तासाला किती माणसं सुखरूप उतरू शकतात, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आता 2027 च्या सिंहस्थाची तयारी चाललीय आणि दर फोनला मी हेच विचारते.

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. गुडघे दुखतात, तरी सकाळी सरदार चौकातून रामकुंडापर्यंत चालत गेले होते. सगळ्यात अरुंद जागी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पावलांनी मोजून आले. आकडा सांगितला. मग थोडं थांबून म्हणाले, “तरी त्याने बसायला नको होतं गं.”

मी त्यांना आकडा पुन्हा एकदा विचारला आणि लिहून घेतला.